काकी, तिचं पत्र का येत नाही?

परदेशातून पाहुणे येणार म्हटलं की आपल्या घरांची काय धांदल उडते हे मैत्रिणींनो, मी वेगळं सांगायला नको. गाद्यांना नवे अभ्रे, बाटलीबंद पाण्याचे खोके, न्हाणीघराच्या फरश्या घासून घासून पांढऱ्या. 'तिखट चालेल का हो त्यांना?' हा प्रश्न तर आठ दिवस आधीपासून. आणि मग ते पाहुणे येतात, सोफ्यावर मांडी घालून बसतात आणि म्हणतात, 'पिठलं-भाकरी कर गं, बाकी काही नको.' अमेरिकेतले दीर-जाऊ, दुबईतला भाचा... थोड्याफार फरकाने घरोघरी हेच.

माझ्याकडे या जानेवारीत आलेले पाहुणे मात्र जरा निराळे होते. ते आले इस्रायलहून. डिमोना नावाच्या वाळवंटातल्या गावाहून. आणि विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकताच त्यातल्या सत्याहत्तर वर्षांच्या बाईंनी मला विचारलं, "काय गो बाय, किती बारीक झालीस? नवरा खायला घालत नाय काय?"

माझ्याबरोबर आलेली शेजारीण बघतच राहिली. परतताना गाडीत मला हळूच म्हणते, "ताई, ह्या इस्रायलच्या बायका तर मराठी बोलायलेत की वो!"

बोलणारच. त्यांची आई, आजी, पणजी सगळ्या मराठीच बोलत आल्या. माझं माहेर अलिबागचं. तिथे 'इस्रायल आळी' नावाची आळीच आहे आणि त्या आळीत १८४८ साली बांधलेलं 'मागेन अबोथ' नावाचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आजही उभं आहे. आपल्याकडे या लोकांना बेने इस्रायल म्हणतात. त्यांच्यातली परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी, की फार फार पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर नवगावजवळ एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांचा वंश वाढत वाढत कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी पसरला. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर. आपली आडनावं पडतात तशीच की नाही? धंदा तेलाच्या घाण्याचा. पण शनिवारी घाणा बंद, म्हणजे बंदच! म्हणून गावकऱ्यांनी त्यांचं नाव ठेवलं 'शनिवार तेली'. धर्म काय, ग्रंथ कुठला, कुणी विचारलंही नाही. शनिवारी तेल मिळत नाही एवढं ठाऊक असलं की गावाला पुरे होतं.

शहरात आल्यावर ही मंडळी खूप शिकली. पुढे पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत गेली. मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. त्याला ते लोक 'मशीद'च म्हणत, आणि मुंबईच्या लोकलमधलं 'मस्जिद' स्टेशन त्यावरूनच, असं सांगतात. 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा करणारे डेव्हिड आठवतात? तेही याच समाजातले, मूळचे चौलकर. बाळंतपणाच्या डॉक्टर म्हणून नाव काढलेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळवलेल्या जेरुशा झिराड याच समाजातल्या. मला या समाजाचं कौतुक वाटतं ते मुख्यतः मुलींना शिकवण्याबद्दल. आपल्याकडे मुलीला चौथीतून काढून घरी बसवत होते तेव्हा यांच्यातल्या रिबेका रुबेन मॅट्रिकला पहिल्या आल्या आणि पुढे मुंबईच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या.

असो. गोष्ट माझ्या आईची आणि मावशीची आहे.

मावशी म्हणजे आईची बालमैत्रीण. अलिबागला दोन्ही घरांची परसदारं एकमेकांना लागून. मावशीचे वडील कचेरीत कारकून, आजोबा शाळामास्तर. मधे एक आवळ्याचं झाड. ते नेमकं कुणाच्या हद्दीत यावर दोन्ही घरांत दर वर्षी आवळे पिकले की गोड भांडण व्हायचं. आईच्या घरी गणपती आले की मावशी पहिल्या दिवसापासून ठाण मांडून. मावशीकडे 'खिरीचा सण' असला की आई तिकडेच जेवायला. त्यांच्या सणांची मराठी नावं किती गोड आहेत बघा. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. ज्या दिवशी सगळे पांढरे कपडे घालून, कडकडीत उपास करून, दारं लावून घरात बसतात तो दारफाळणीचा सण. बिरड्याच्या सणाला वालाचं बिरडं केळीच्या पानावर खायचं. जेरुसलेमचं देऊळ पडलं त्या दुःखाचा तो दिवस. दुःख तिकडचं दोन हजार वर्षांपूर्वीचं आणि जेवण आपल्या कोकणातलं!

१९४८ साली इस्रायल देश झाला तसे हे लोक एकेक करून तिकडे जाऊ लागले. कुणी हाकललं म्हणून नव्हे बरं का. आपल्या देशात ज्यूंना धर्मापायी त्रास झाला नाही, हे ते स्वतःच सांगतात. प्रार्थनेत शतकानुशतकं ज्या भूमीचं नाव घेतलं, तिथे जायचं, एवढंच. आळीतली घरं बंद होत गेली. १९६१ साली मावशीचं घरही निघालं. दोघी मैत्रिणी तेव्हा तेरा वर्षांच्या, सातवीत. रेवसच्या धक्क्यावर लाँच सुटली तेव्हा आईने आपली सागरगोट्यांची पिशवी मावशीच्या हातात कोंबली होती. आणि मावशीच्या आईने, जिला माझी आई 'काकी' म्हणायची, जाताना आजीकडे दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक पाटा-वरवंटा, कारण तो कोण कुठे नेणार? आणि दुसरी एक जाड पुठ्ठ्याची वही. त्यात काकीच्या बाळबोध वळणाच्या अक्षरात मराठी गाणी. मोशेची, योसेफची, एलियाहू हनाबीची. या समाजात आपल्यासारखंच कीर्तन व्हायचं, मराठीतच, फक्त आख्यान त्यांच्या ग्रंथातलं. बायका अशी गाणी वहीत उतरवून ठेवत. सामानाचं वजन मोजून मिळणार होतं, त्यात वही राहिली. "मागाहून पाठव गो," म्हणाली काकी. तेव्हा टपालाने वही पाठवायची म्हणजे हरवायची भीती. ती राहिली ती राहिलीच.

आधी दर महिन्याला पत्र येत असे. आई सांगायची, निळं पत्र, आतली शाई फिकट. 'आम्ही सर्व खुशाल आहोत. इकडे संत्री फार.' १९६२ साली मावशीच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरल्याचं पत्र आलं. त्यानंतर एकदम काही नाही. आईने पत्रं टाकली, एक नाही, दोन नाही, सात-आठ. १९६८ साली आईचं लग्न झालं तेव्हा कुंकू लावलेली पत्रिका गेली. उत्तर नाही. आई हट्टी. म्हणाली, "तिकडे जाऊन साहेबीण झाली, आता आपली कशाला आठवण!" आणि लिहिणं तिनेही सोडलं.

मग १९९२ साली भारत आणि इस्रायल यांचे राजनैतिक संबंध पूर्ण जुळले, येणंजाणं सोपं झालं, आणि १९९४ साली एका दुपारी मावशी लेकीला घेऊन अलिबागला आमच्या दारात हजर! मी वीस वर्षांची होते. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, हसल्या, आवळ्याच्या झाडाखाली बसून राहिल्या. मला पक्कं आठवतं, आईने विचारलं होतं, "पत्र का नाही लिहिलंस गं?" मावशी हसून म्हणाली होती, "अगो, संसार." आईने मान हलवली, पण ते उत्तर तिला पटलं नव्हतं. नंतर कितीतरी वर्षांनी भाजी निवडता निवडता ती मधेच म्हणायची, "संसार काय, मला नव्हता का?"

माझं लग्न होऊन मी इकडे आले, तेव्हाच्या औरंगाबादला. मिस्टरांची नोकरी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, म्हणून घरही इकडेच. डोक्यावरून विमानं जातात, खाली जालना रोडवरून ट्रक. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली आणि बरोबर तो पाटा नि ती वहीसुद्धा. टेंपोवाला म्हणाला होता, "मावशी, दगड कशाला नेता?" तीन वर्षांपूर्वी तिला विसरण्याचा आजार असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या. मग दिवस-वार. आता ती बऱ्याचदा अलिबागला असते आणि आठवी-नववीत असते. मला कधी ओळखते, कधी 'या बाई चांगल्या आहेत हो' म्हणते. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना बाकीचं सांगायची गरज नाही.

मावशीला हे कळलं तेव्हाच तिने यायचं ठरवलं. पण २०२३च्या ऑक्टोबरनंतर तिकडे युद्ध पेटलं आणि दोनदा तिकिटं रद्द झाली. फोनवर म्हणायची, "मी पोचेपर्यंत ती मला विसरली नाय म्हंजे झालं."

पोचली तेव्हा आई तिला विसरली होती.

मी आईला विमानतळावर नेलं नव्हतं. घरी आलो, आई पलंगावर बसलेली. मावशी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली, हात हातात घेतले. आई बराच वेळ तिच्याकडे निरखून बघत राहिली. आमचा सगळ्यांचा श्वास अडकलेला. मग तिचा चेहरा एकदम उजळला आणि ती म्हणाली, "काकी! तुम्ही कधी आलात?"

मावशी आता अगदी तिच्या आईसारखी दिसते. तेच नाक, तसाच कपाळावरचा आडवा आठीचा पट्टा. आईच्या हिशेबी ती स्वतः तेरा-चौदाची, मग समोरची पिकल्या केसांची बाई ही काकीच असणार! मी सुधारायला पुढे झाले, तर मावशीने डोळ्यांनीच मला थांबवलं. म्हणाली, "आत्ताच आले गो. तुला बघायला आले."

"आणि ती?"

"ती... ती येईल मागाहून."

"काकी, तिचं पत्र का येत नाही?"

मावशी उठून न्हाणीघरात गेली ती पंधरा मिनिटं बाहेर आली नाही.

पुढचे नऊ दिवस मावशी आमच्या घरी काकी होऊन राहिली. तिची लेक, म्हणजे माझ्याच वयाची माझी मैत्रीण, तिला हे आवडलं नाही. "हे खोटं आहे, तू रोज रडतेस," असं आईला सुनवायची. मलाही पहिले दोन दिवस अवघड वाटलं. पण आईचा रक्तदाब, झोप, जेवण सगळं त्या दिवसांत इतकं सुधारलं होतं, की मी गप्प बसले. आजारी माणसाला दर वेळी 'अगं, तो गेला, हे साल अमुक' असं सांगून पुन्हा पुन्हा त्याच धक्क्यात ढकलण्यापेक्षा त्याच्या जगात थोडा वेळ जाऊन बसावं, हे मी अनुभवाने शिकले आहे. ज्याला खोटं वाटेल त्याला वाटो.

आता स्वयंपाकाचं सांगते, कारण तुम्ही तेच विचारणार! मावशीची लेक कोशर पाळणारी. मांस आणि दूध एकत्र नाही, वेगळी भांडी. आमचं घर शाकाहारी, तरी मी दोन नवी स्टीलची पातेली, कढई आणि तवा आणून ठेवला. मावशी बघून म्हणाली, "इतका खर्च कशाला? माझी आई तुझ्या आजीकडे फळं, नारळ, पोहे खायची, कोणी कुठे बाटलं नाय." मटणाच्या जेवणावर गाईचं दूध चालत नाही म्हणून त्यांच्याकडे सगळं नारळाच्या दुधात. गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धा! गहू भिजवून, वाटून, चीक काढायचा, नारळाचं दूध, साखर, वेलदोडा, आणि सतत ढवळायचं. पाट्यावर वाटायचा हट्ट मावशीचा. अंगणात पाटा काढला, साठ वर्षांनी तिच्या आईचा वरवंटा तिने हातात धरला आणि दोन मिनिटांत कंबर धरून बसली. उरलेलं मिक्सरमधून काढलं. पण मैत्रिणींनो, चव!

शुक्रवारी सकाळीच तिने काळे मनुके पाण्यात भिजत घातले. त्यांच्या शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या दिवेलागणीला, द्राक्षाच्या दारूऐवजी आपल्या कोकणात मनुक्यांचं सरबत करायची पद्धत पडली. सूर्य मावळायच्या आधी तिने तेलाच्या वाती लावल्या. त्याच वेळी आईने, सवयीने, देवघरातलं निरांजन लावलं. एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. मग दुसऱ्या दिवशी शनिवारी पहाटे गंमतच झाली. आमच्याकडे नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. ते नेमकं त्या पहाटे पाचला आलं! मी माठ, बादल्या घेऊन धावतेय, ओरडतेय, "अगं, मोटारीचं बटण दाब!" आणि मावशीची लेक बटणासमोर हात मागे बांधून उभी. शब्बाथला विजेचं बटण दाबत नाहीत ना! शेवटी मावशीच डुलत आली आणि म्हणाली, "सर बाजूला. शनिवार तेल्यांनी तेल काढलं नाय, पण पाणी भरलं असेल." बटण दाबलं. लेकीने दिवसभर अबोला धरला.

डिमोनाही असंच कोरडं, मावशी सांगत होती. उघडे डोंगर, धुळीचा वारा. पहिल्या उन्हाळ्यात काकी म्हणाली होती म्हणे, "आपल्याला समुद्रातून काढून तव्यावर टाकलं." तरी तिथे आज हजारो मराठी इस्रायली आहेत. मावशी कापडगिरणीत चाळीस वर्षं उभी राहिली. मराठी कार्यक्रम होतात, करंज्या विकत मिळतात, आणि नोहा मस्सील यांच्यासारख्या मंडळींनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथे कित्येक वर्षं चालवलं. नातवंडांची मराठी मात्र आटली. बरोबर आलेल्या तेवीस वर्षांच्या नातवाला चार शब्द येत होते. 'चपाती', 'चहा', 'गप बस' आणि 'मेल्या'. सगळे आजीकडून आलेले, हे उघडच आहे! वेरूळला नेलं तेव्हा कैलास लेणं बघून तो अर्धा तास काही बोललाच नाही. मग 'मेल्या!' म्हणाला.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. आमच्या शेजारी भाभी राहतात. पंधरा वर्षांचा शेजार, ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ भिंतीवरून जातो-येतो. पाहुणे इस्रायलचे आहेत हे कळल्यापासून त्यांचं बोलणं तुटक झालं. मी समजू शकत होते. टीव्हीवर गाझातली लेकरं त्याही बघतात, मीही बघते. एलियाहू हनाबीच्या नावाने मावशीने शनिवारी रात्री मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, वर फळं. नवस फेडायला, प्रवास सुखाचा व्हायला हा मलिदा करतात. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्या हनाबीच्या रथाच्या चाकाची खूण आहे असं ते मानतात. तर मावशी त्यातलं ताट घेऊन स्वतः भाभींकडे गेली. मी पाठोपाठ, छातीत धडधड. भाभींनी ताट घेतलं. मग सरळ विचारलं, "आपका पोता लडाई में था?"

"होता," मावशी म्हणाली. "त्याचा एक दोस्त परत आला नाही."

"वहाँ के बच्चे भी वापस नहीं आए," भाभी म्हणाल्या.

मावशीने "हो" म्हटलं. एवढंच. कुणी कुणाला पटवायला गेलं नाही. तिसऱ्या दिवशी भाभींचा मुलगा ताट परत देऊन गेला. ताट रिकामं नव्हतं, त्यात खजूर होते. पण भाभी स्वतः आल्या नाहीत, आणि आमचं बोलणं अजून पूर्वीसारखं झालेलं नाही.

आता त्या पत्रांबद्दल.

आई रोज विचारायची. सकाळी चहाला, दुपारी ऊन उतरल्यावर, रात्री. "काकी, तिचं पत्र का येत नाही?" मावशी रोज काहीतरी सांगायची. टपाल उशिरा येतं, तिची परीक्षा आहे, शाई संपली. सहाव्या दिवशी संध्याकाळी अंगणात बसलो होतो. आईने पुन्हा विचारलं आणि पुढे म्हणाली, "ती माझ्यावर रागावली आहे का?"

मावशी बराच वेळ गप्प राहिली. मग तिने सांगितलं. काकी होऊनच सांगितलं.

"नाय गो बाय, रागावली नाय. लाजली. थोरलीचं लग्न ठरलं ना, तर तिकडचे रब्बी म्हणतात, तुमची आई कोण, आजी कोण, पणजी कोण, कागद आणा. तुम्ही खरेच ज्यू कशावरून? हिंदुस्थानात तुम्ही कोणाकोणात मिसळलात आम्हाला काय ठाऊक? अशी पत्रिका घेऊन आम्ही दारोदार फिरलो. नवरामुलगा वाट बघून कंटाळला. आता तुम्हाला काय कळवायचं? जाताना अख्ख्या आळीत पेढे वाटले, आपल्या माणसांत चाललो म्हणून सांगितलं. आणि आपलीच माणसं दारात उभं करून विचारतात, तू कोण? तुझ्या बापाने कधी विचारलं नाय गो आम्हाला, तू कोण..."

हे सगळं खरं घडलेलं आहे. १९६२च्या सुमारास तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या कचेरीने बेने इस्रायलांच्या लग्नाआधी पिढ्यान् पिढ्यांची चौकशी करायचे आदेश काढले होते. त्याविरुद्ध हे साधे, मागे राहणारे लोक उठले. जेरुसलेममध्ये धरणं धरलं, बायका-मुलं रस्त्यावर बसली. सत्याग्रह आपल्याकडून शिकून गेले होते ना! शेवटी ऑगस्ट १९६४मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांच्या बरोबरीचे. मावशीचे वडील त्या धरण्यात बसले होते. घरी आले तेव्हा आजारी होते, पुढे वर्षभरच जगले. थोरलीचं लग्न दुसरीकडे झालं. आणि मधल्या काळात पत्र न लिहिण्याची इतकी सवय झाली, की मग लिहायचं तर आधी न लिहिल्याचं कारण लिहावं लागणार, म्हणून लिहिलंच नाही.

मावशीची लेक दारात उभी राहून ऐकत होती. पंचेचाळीस-पन्नास वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मावशीने चौऱ्याण्णव सालीही माझ्या आईला सांगितलं नव्हतं. जे मैत्रीण म्हणून सांगता आलं नाही ते तिने स्वतःची आई होऊन सांगितलं.

आईने सगळं नीट ऐकून घेतलं. किती कळलं, देव जाणे. म्हणाली, "त्यात लाजायचं काय? मला लिहायचं. मी दादांना सांगितलं असतं, दादांनी त्यांना पत्र घातलं असतं, की हे शनिवारी दिवासुद्धा लावत नाहीत, मी स्वतः बघितलंय."

मावशी हसायला लागली आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. हो, पदराने. डिमोनात ती झगा घालते, पण चिकलठाण्यात नऊ दिवस माझी नऊवार नव्हे, साधी पाचवारीच नेसत होती.

निघताना मी वही तिच्या हातात ठेवली. तिने पानं उलटली, काकीच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. एका पानाच्या कोपऱ्यात आवळ्याच्या मुरांब्याचं प्रमाण लिहिलेलं सापडलं. तेही बहुतेक माझ्या आजीचं. वही तिने नेली. पाटा राहिला. वजन!

त्या गेल्यावर दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "काकी येऊन गेली. ती नाही आली." आणि दोन दिवस जेवली नाही. मी मावशीला फोनवर सांगितलं. व्हिडिओ कॉल करू का म्हणाली. मी म्हटलं, नको, तुझा चेहरा काकीचाच. तू लिही.

मार्चमध्ये मुंबईला आलेल्या त्यांच्या एका नातेवाइकाने कुरिअरने एक पाकीट पाठवलं. आत रेघांच्या कागदावर, थरथरत्या पण स्पष्ट देवनागरीत दोन पानं. कितीतरी वर्षं मराठी लिहिलं नसणार, ऱ्हस्व-दीर्घ सगळं उलटंपालटं. इकडे संत्री फार, असं सुरुवातीलाच होतं. पुढे थोरलीच्या लग्नाचं सगळं, न लपवता. शेवटी, सागरगोटे अजून माझ्याकडे आहेत, एक हरवला.

मी आईला वाचून दाखवलं. तिने तीनदा वाचायला लावलं. मग पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, उशीखाली ठेवलं. चष्मा मागितला. मला म्हणाली, "बाई, तुम्हाला लिहिता येतं ना? मग घ्या लिहायला." मी वही-पेन घेऊन बसले.

"लिहा. तुझं पत्र पोचलं. इतके दिवस का लावलेस? आवळे या वर्षी आमच्याच बाजूला पडले आहेत. तू येईस्तोवर मी तुझा वाटा बरणीत घालून ठेवते. आणि हरवला तो कुठला, मोठा की छोटा, ते आधी कळव."